अकरा फुटांवरचं धरण

आमच्या अंबाजोगाईच्या नव्या घरात, हॉलच्या छताला चार भोकं आहेत. दोनांत लाईट आहेत आणि दोनांवर पांढरी टोपणं. येणारा प्रत्येक माणूस मान वर करून विचारतो, ही टोपणं कशाची? मी "राहू द्या, पुढेमागे कामाला येतील" असं काहीतरी सांगून मोकळी होते. खरं सांगायचं तर त्यात माझी चूक येते, आणि गणिताच्या मास्तरणीला चूक कबूल करायला फार जड जातं. पण आता त्या गोष्टीला चार महिने झालेत, राग निवलाय, तेव्हा सांगते.

हॉल उंच हवा हा हट्ट माझ्या नवऱ्याचा. घाटनांदूरला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. डोक्यावर टांगलेल्या कळश्या, बादल्या आणि झाऱ्यांच्या माळांखाली बसून त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. "घरात तरी टाळक्यावर काही लटकायला नको," असं म्हणून त्यांनी हॉलला वर मजलाच चढवू दिला नाही. पीओपीचं छत जमिनीपासून पंधरा फुटांवर गेलं. नकाशावर पंधरा फूट दिसायला एवढंसं असतं. प्रत्यक्ष भिंत उभी राहिली तेव्हा समोर एवढी मोठी कोरी जागा झाली, की तिच्यापुढे आमचा सोफा खेळण्यातला वाटायला लागला.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की तिथे सात पांढरे धावते घोडे लावू, बरकत असते. मी साफ नाही म्हणाले. त्या भिंतीवर मला अप्पांचं धरण हवं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. पालीला भावाकडे राहतात. आयुष्यभर पेंटर होते. घरांना रंग देणारे नव्हे, पाट्या रंगवणारे. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नंबर प्लेटा, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार. बीडकडून निघालेला रस्ता कुठल्याही गावात शिरू दे, तिथे अप्पांच्या हातचं एखादं अक्षर असायचंच. मग फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत सगळं आटोपलं. अप्पांनी त्याचं रडगाणं गायलं नाही. "मशीनीला च्या पाजावा लागत न्हाई, म्हणून लोक तिकडं गेले," एवढंच म्हणाले आणि ब्रश धुऊन डब्यात ठेवले.

एवढ्या आयुष्यात त्यांनी कुणी न सांगता, कुणासाठी नाही असं एकच चित्र काढलं. पालीजवळचं बिंदुसरेचं धरण भरलंय आणि सांडव्यावरून पाणी कोसळतंय. चार फूट बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी आणि पाट्यांच्या कामातून उरलेला ऑइल पेंट. आम्ही शाळेत होतो तेव्हाचं. पालीच्या घरात ते दाराच्या वर, पार पत्र्याला टेकून लागलेलं असायचं. पुढे भावाने घर नीट केलं तेव्हा ते कपाटामागे गेलं आणि तिथेच राहिलं.

ते मलाच का हवं होतं, तेही सांगून टाकते. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि अप्पा माझ्या घरी एकदाही मुक्कामाला राहिले नाहीत. लेकीच्या घरी बापाने राहू नये, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. यायचे, चहा घ्यायचे, फार तर भाकरीचा तुकडा मोडायचे आणि चारची बस गाठायचे. मी भांडले, रडले, एकदा चप्पल लपवून ठेवली. तर अप्पा अनवाणी निघाले. तेव्हा मी मनाशी ठरवलं, माणूस राहत नाही तर नाही, निदान त्याच्या हातचं काहीतरी माझ्या घरात राहू दे.

फोन केला. अप्पा म्हणाले, "कावून? त्या फळीचं काय करतीस माय?"

"हॉलमधी लावायचीय. मोठी भिंत हाय. वरून लाईट सोडनार हाय तिच्यावर."

"फळीवर लाईट?" ते हसले. मग एकदम गंभीर झाले. "लाव. पर एक ऐक. घरभरणीच्या दिशी मी येऊन बघनार. नीट दिसत नसंल तर काढून संगं घिऊन जानार. चार लोकांत माझी फजिती नको."

ही नुसती धमकी नव्हती. बीडच्या एका मिठाईवाल्याने त्यांचा बोर्ड लिंबाच्या फांदीआड लावला होता. अप्पा स्वतः शिडी घेऊन गेले, बोर्ड उतरवला, त्याचे पैसे त्याच्या गल्ल्यावर ठेवले आणि बोर्ड सायकलला बांधून घरी आणला. तो बोर्ड आम्ही पुढे कितीतरी वर्षं चुलीच्या लाकडांवर झाकण म्हणून वापरला. तेव्हा घरभरणीच्या दिवशी ते धरण गुंडाळून पालीला परत नेणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

घरभरणीच्या आधी दहा दिवस ते स्वतःच चित्र घेऊन आले. एसटीच्या मागच्या सीटवर उभं करून आणलेलं, आणि गुंडाळलेलं कशात, तर एका जुन्या फ्लेक्समध्ये. मी सोडायला गेले तर हातावर चापट बसली. "पाटी लागल्याबिगर उघडायची न्हाई." हा त्यांच्या धंद्यातला नियम. बोर्ड आधी टांगायचा, मग त्याच्यावरचं फडकं काढायचं.

त्यांनी रंगाऱ्यांची घोडी, म्हणजे उंच दुपाखी शिडी, मागवली. नवरा खालून घोडी धरून "मामा, मामा, मी चढतो ना, तुमी उतरा" करत राहिला आणि पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस सरसर वर. जमिनीपासून अकरा फुटांवर त्यांनी चित्र टांगलं. खालची कड भिंतीला टेकलेली, वरची कड दोरीवर पुढे कललेली. जुन्या घरांत देवांच्या तसबिरी असतात तशी. मग वरूनच फ्लेक्स ओढून काढला आणि खाली उतरले.

"अप्पा, लई वर न्हाई झालं?" मी विचारलं.

"बोर्ड असाच लागतो. मानसानं मान वर करून बघावं. पुढं झुकलेला असला की ऊन चमकत न्हाई, धूळ बसत न्हाई." विषय संपला. चहा घेतला, चारच्या बसने गेले.

आता छताचं काम. आमचा वायरमन म्हणजे गावातला नावाजलेला कारागीर. अर्ध्या अंबाजोगाईच्या छतांत त्याने लाईट बसवलेत आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर. मी त्याला विचारलं, दोनच का? म्हणाला, "मॅडम, दोनच असते. सगळीकडं दोनच असते." त्याचा पीओपीवाला जोडीदार वर झोपाळ्यासारखा बसला होता, तोही बोलला, "दोनच असते बे, मार."

मारली भोकं. लाईट बसवले. दुपारची वेळ होती, म्हणून खिडक्यांवर चादरी बांधून अंधार केला आणि बटन दाबलं.

चित्र होतं त्याच्यापेक्षा काळं झालं. चित्राच्या वरची भिंत लखलखत होती, चित्राच्या चौकटीची वरची कड चांदीसारखी चमकत होती आणि धरणावर भर दुपारी ग्रहण लागलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी आयुष्यात पहिल्यांदा असा जवळून पाहिला.

नवऱ्याने उपाय सुचवला, मोठे बल्ब घाला. त्यांच्या दुकानात एवढा पांढरा उजेड असतो, की स्टीलच्या तांब्यात गिऱ्हाइकाला स्वतःचे दात मोजता येतात. त्यांनी तसलेच दोन आणले. त्याने भिंत आणखी पांढरी झाली, आणि चित्रातलं पुराचं गढूळ पाणी जेवढं दिसत होतं तेवढंही फिनेल ओतल्यासारखं दिसायला लागलं. मी ते बल्ब दुकानात परत पाठवले आणि उबदार पिवळसर उजेडाचे, बारीक झोताचे, मान वळवता येईल असे दोन आणायला सांगितले.

मग मी गणितात शिरले. कंपासपेटीतला कोनमापक घेऊन घोडीवर चढले, चित्र किती झुकलंय ते बाजूच्या कडेवरून मोजलं. वीस अंश. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दिवा चित्राच्या जवळपास डोक्यावरच होता आणि चित्र त्याच दिशेने पुढे वाकलेलं. उजेड चित्राला नुसता चाटून खाली जात होता, त्याच्यावर पडतच नव्हता. दिवा भिंतीपासून आणखी लांब न्यायला हवा. मी वहीत आकृती काढली, कोन मांडले आणि उत्तर आलं पाच फूट. ते मी वायरमनच्या पुढे ठेवलं.

तो वहीकडे न बघता छताकडे बघत होता. "मॅडम, नवं छत हाय. अजून दोन भोकं?"

"मारा."

"चुकलं तर?"

"गणित चुकत नसतं," मी म्हणाले. हे वाक्य तो अजून गावभर सांगत फिरतो.

पाच फुटांवर नवी भोकं पडली, जुन्यांवर टोपणं आली. पुन्हा चादरी बांधल्या, पुन्हा बटन. आणि खरंच, चित्र उजळलं. निळं आभाळ, पांढरं पाणी, काळा कातळ. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. वायरमन मात्र माझ्या नवऱ्याकडे बघत होता आणि हसू दाबत होता. ते नेमके चित्राच्या खाली आपली आवडती खुर्ची टाकून बसले होते. ऑइल पेंट तुळतुळीत असतो. झुकलेल्या चित्रावरून उजेड परतून सरळ खाली उतरत होता आणि नवऱ्याच्या टकलावर बिंदुसरेचं पाणी थरथरत होतं.

"सायब, हलू नका," वायरमन म्हणाला. "लई मस्त दिसतंय."

खुर्ची हलवता आली असती. पण मी सोफ्यावर जाऊन बसले तेव्हा माझा विजय उतरला. अकरा फुटांवर, पुढे झुकलेलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेलं ते चित्र मला दिसत होतं खरं, पण दिसत होतं म्हणजे काय? एक निळा डाग, एक पांढरा डाग. बसस्टँडवरून लांबचा बोर्ड वाचावा तसं. एवढं छत फोडून मी एक पाटी उजळवली होती. अप्पा आले असते, डोळे बारीक करून बघितलं असतं, म्हणाले असते, "न्हाई दिसत नीट," आणि फ्लेक्स मागितला असता. मला भयंकर राग आला. वायरमनचा, नवऱ्याच्या पंधरा फुटांचा आणि सगळ्यात जास्त माझ्या वहीचा. त्या दिवशी मी सगळ्यांचं पिठलं-भाकरीवर भागवलं.

घरभरणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी धूळ पुसायला म्हणून घोडीवर चढले. दिवे चालू होते. ओल्या फडक्याने चौकट पुसून मी चित्राला नाक लावलं, आणि पुढचं पुसायचं राहूनच गेलं.

धरणाच्या भिंतीवर माणसं होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, ओळीने उभी. फेटेवाले, टोपीवाले, एक छत्री, एक भुईमुगाच्या शेंगांची टोपली, एक बाई डोईवरचा पदर हाताने धरलेली. एवढी वर्षं हे चित्र दारावर होतं आणि मला त्यात एकही माणूस माहीत नव्हता. खालून ती भिंतीवरची काळी-तांबडी नक्षीच वाटायची. मी मोजायला लागले. एकेचाळीस. आणि अगदी उजव्या कडेला एक सायकल, तिच्या दांड्यावर गुलाबी झगा घातलेली पोरगी, हातात लाल गोळा.

तो झगा माझा होता. तो एकच गुलाबी झगा मला होता. त्या साली धरण भरून वाहत होतं म्हणून सगळा गाव बघायला लोटला होता, आणि अप्पांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेलं होतं. लाल बर्फाचा गोळा घेऊन दिला, तो झग्यावर सांडला आणि आईने दोघांनाही झोडपलं. मला तो दिवस आठवत होता. पण तो अप्पांनाही आठवत होता आणि त्यांनी तो काढून ठेवला होता, हे मला चाळीस-बेचाळीस वर्षांनी, घोडीवर उभं राहून कळलं. मी तिथेच फडक्याने डोळे पुसले. फडकं धुळीचं होतं, त्यामुळे नंतर नवऱ्याला वाटलं मी काजळ घातलंय.

घोडीवरून उतरताना माझा निर्णय झाला होता. वायरमनला बोलावलं आणि म्हटलं, चित्र खाली घ्या. डोळ्यांच्या उंचीवर. झुकवायचं नाही, भिंतीला सपाट.

"मॅडम, काकांनी सोता लावलंय ते," तो घाबरून म्हणाला. "आणि लाईट? परत भोकं?"

मी मनातल्या मनात हिशोब केला. चित्र सहा फूट खाली आलं आणि सरळ झालं, तर भिंतीपासून साधारण पाच-साडेपाच फुटांवर दिवा हवा. आमची दुसरी भोकं पाच फुटांवरच होती. म्हणजे उत्तर बरोबर होतं, प्रश्नच चुकीचा मांडला होता. मी दिवा कुठे असावा एवढंच शोधत बसले, चित्र कुठे असावं हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं. बाप म्हणाला अकरा फूट, की अकरा फूट.

चित्र उतरलं. दिव्यांच्या माना त्याने थोड्या खाली वळवल्या. बटन दाबलं. मग वायरमन पुढे झाला, वाकला आणि म्हणाला, "आई शप्पथ. ह्यो मानूस शेंगा खातोय."

घरभरणीचा दिवस उजाडला. सकाळी पूजा सांगणारे स्वामी आले, पूजा झाली, नवऱ्याने कपाळभर भस्म ओढलं, पुरणाचा वास घरभर झाला. माझं लक्ष फाटकाकडे. अप्पा अकराला आले, पांढरं स्वच्छ धोतर, आणि काखेत काय, तर घडी केलेला तोच फ्लेक्स.

हॉलचे पडदे ओढलेले होते. मी बटन दाबलं. दिवा लागला की हात जोडायची सवय असते, त्यामुळे नवऱ्याच्या दोन म्हाताऱ्या आत्यांनी चित्राला मनोभावे नमस्कार केला. अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आधी वर बघत होते, अकरा फुटांवर, जिथे नुसते खिळे राहिले होते. मग त्यांची नजर हळूहळू खाली आली.

"कुनी खाली घेतलं?"

"मी."

"बोर्ड असा लावतेत का? कंबरंएवढा?"

"बोर्ड न्हाई ते अप्पा," मी म्हणाले, आणि माझा आवाज वर गेला, पाहुण्यांनी माना वळवल्या. "चित्र हाय. बोर्ड दुकानाचा असतो. हे तुमचं हाय. मला न्हाई मान वर करून बघायचं, मला जवळ जाऊन बघायचंय. न्यायचं तर न्या."

ते चित्राजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पाण्याला लागेल इतके जवळ झाले. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, इंच इंच सरकत गेले. सायकलपाशी बराच वेळ थांबले. पाहुणे आपापसात कुजबुजायला लागले, तिकडे ताटं मांडली जात होती.

"लई दिसतंय," ते शेवटी म्हणाले.

"नीट दिसतंय ना?"

"लईच नीट दिसतंय. म्हणून तर." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा चोरी पकडल्यासारखा. "ह्यांला तोंडं न्हाईत माय. एकालाबी न्हाई. वर लागनार, खालून कुनाला दिसतंय, म्हणून नुसते ठिपके मारलते. डोळं न्हाई, नाक न्हाई. असं न्हाई ठेवता येत."

खरंच होतं. गुलाबी झग्याच्या वर एक गव्हाळ ठिपका होता. मला काल त्याने काहीच खटकलं नव्हतं. आणि आता त्यांनी काखेतला फ्लेक्स काढला, उलगडला, आणि मला वाटलं संपलं सगळं. मीच दिवा लावला आणि मीच दाखवून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांनी फ्लेक्स चित्राखाली फरशीवर अंथरला.

"नवी फरशी हाय, रंग सांडंल," ते म्हणाले. "एक स्टूल दे. आन् एका वाटीत घासलेट असंल तर बघ."

"आज? अप्पा, पंगत बसतेय."

"जेवतो की. कामावरच्या मानसाला जेवन द्यावंच लागतंय."

चार वाजले. मी मुद्दाम घड्याळाकडे बघितलं नाही, पण नवऱ्याला राहवलं नाही. "मामा, बस..." असं त्यांनी सुरू केलं आणि मी त्यांच्या पायावर पाय दिला. अप्पांनी मान न वळवता उत्तर दिलं.

"कामावर हाय मी पाव्हणं. परळीला, केजला बोर्डाला गेलतो तवा गिऱ्हाइकाच्या घरीच मुक्काम असायचा. गिऱ्हाइकाच्या घरी राहायला कसली लाज?"

सत्तावीस वर्षं मला भांडून, रडून, चप्पल लपवून जे जमलं नाही ते असं सुंठेवाचून खोकला गेल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या डब्याकडे बघत एकटीच हसत होते. त्या दिवशी मी गिऱ्हाइक झाले. लेक असण्यापेक्षा ते सोयीचं निघालं.

पिशवीत त्यांच्याकडे सगळ्यात बारीक नंबरचे दोन ब्रश आणि रंगाचे छोटे डबे आधीच होते. ते का आणले होते हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आता चार महिने झाले. मधे सणाला पालीला जातात, नातवंडांना बघून येतात, आणि आठ दिवसांत पिशवी घेऊन परत कामावर हजर. एक तोंड काढायला त्यांना दहा मिनिटं लागतात, आठवायला चार दिवस. कारण ही सगळी खरी माणसं आहेत. छत्रीवाला कोण, शेंगांच्या टोपलीशेजारी कोण उभं होतं, हे ते पालीतल्या जुन्या दोस्तांना फोन करून विचारतात, आणि फोनवर भांडणं होतात. मागच्या आठवड्यात एकाला मिशी होती की नव्हती यावरून तासभर वाद झाला, शेवटी त्या माणसाच्या मुलाला फोन लावला. मिशी होती. वायरमन जाता-येता डोकावतो आणि विचारतो, "काका, आज कोन झालं?" पाच फुटांवरचे माझे दोन दिवे दिवसभर जळत असतात. माझा नवरा वीजबिल बघून एक शब्द बोलत नाही, हे मी त्यांच्या खात्यावर पुण्य म्हणून लिहून ठेवलंय.

एकेचाळीसातली चोवीस झाली. काल दुपारी चहा द्यायला गेले तेव्हा मी सहज म्हणाले, "अप्पा, सायकलवरच्या पोरीचं तोंड कधी काढताय?"

"तिचं शेवटी."

"का? तिला आठवायला कुनाला फोन करायचाय?"

ते ब्रश वाटीत बुडवत होते. त्यांनी तो वाटीच्या काठाला पुसला, परत बुडवला, परत पुसला.

"तिचं झालं की काम संपलं," ते म्हणाले. "काम संपल्यावर गिऱ्हाइकाच्या घरी कशाला राहायचं?"

मी चहाचा कप स्टुलावर ठेवला. बाहेर जाऊन वायरमनला फोन केला आणि सांगितलं, असलेच अजून दोन दिवे आणून ठेवा, एखादा गेला तर काम थांबायला नको.